पोत्यालाही कान असतात

हंगाम तोंडावर आला, धान्यबाजारात मशीन आलं आणि दाभण्याचं काम गेलं.

दाभण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मिसरूड फुटत होती तेव्हा तो बाजारात पोत्यांची तोंडं शिवायला लागला, आणि आता मिशीत पांढरं दिसायला लागलं होतं. मधली सगळी वर्षं उजव्या हातात दाभण आणि कमरेला सुतळीचा बिंडा. भरलेलं पोतं समोर आलं की डाव्या हातानं तोंड आवळायचं, कोपऱ्यातलं मूठभर तागाचं कापड पिळून त्याला दोन वेढे द्यायचे. हा झाला एक कान. मग आठ टाके, की दुसऱ्या टोकाला दुसरा कान. हमालानं ते दोन कान धरायचे आणि पोतं पाठीवर घ्यायचं. एवढंच काम. पण त्याचं शिवलेलं पोतं वाटेत उसवलं असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

मशीन इस्तरीएवढं होतं. छताच्या तुळईला दोरीनं टांगलेलं, जोडीला तसंच दुसरं. पोत्याच्या तोंडावरून घर्रकन फिरवलं की काम संपलं. मुकादम दोन दिवस नव्या जावयाकडं बघावं तसा त्याच्याकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दाभण्याला बाजूला घेतलं.

"तुला काढलेलं नाही हं. गैरसमज नको. झाडलोटीला माणूस पाहिजेच आहे. सांडलेलं धान्य गोळा करायचं, चाळायचं. बसून काम."

दाभण्यानं दोन दिवस झाडू मारला. दुसऱ्या दिवशी, काल-परवा कामाला लागलेला एक हमाल पाय वर घेऊन म्हणाला, "दाभण्या, इकडं पण मार जरा." तो वाईट मनानं म्हणाला नव्हता. पाय वर घेतले होते, म्हणजे मदतच करत होता. पण दाभण्यानं झाडू भिंतीला टेकवला, बिंडा आणि दाभणांचा पत्र्याचा डबा उचलला आणि भर दुपारी घराकडं निघाला.

इतक्या वर्षांत तो दुपारी घरी कधी आलाच नव्हता. सकाळी उजाडताना जायचं, दिवे लागल्यावर यायचं. त्यामुळं फाटकाशी पोचल्यावर आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, पाहुणे आलेत. तीन जणींचं हसणं होतं. एक जोरात, एक खुसखुस, आणि एक खोकल्यात अडकलेलं.

तो दारात उभा राहिला आणि चालतं चाक कुणी हातानं धरावं तसं हसणं थांबलं.

खिडकीपाशी पायमशीनवर बायको बसली होती. जमिनीवर कापड अंथरून लेक खडूनं रेघा ओढत होती. तिला घरात सगळे ठकी म्हणायचे. ती अठराची झाली तरी ठकीच राहिली. भिंतीला टेकून सासूबाई कोटाच्या बाहीला बटण लावत होत्या. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडंच राहत. गावातलं निम्मं शिवण या तिघींच्या हातून जायचं.

"बरं नाही का?" बायकोनं विचारलं.

"बरं आहे."

"मग?"

"काम नाही."

बायकोनं मशीनवरचा हात काढला नाही. "हातपाय धुऊन घ्या," ती म्हणाली. "चहा ठेवते."

ठकीनं त्याला वाट द्यायला कापड गोळा केलं. तेवढ्यात खडूची रेघ पुसली गेली.

त्यानंतरचे दिवस अवघड होते. घर दोन खोल्यांचं. पुढची खोली शिवणाची. दाभण्या कुठंही बसला तरी तिथं काहीतरी असायचं. खाटेवर बसला तर "अहो, खाली गळ्याचे तुकडे आहेत." उंबऱ्यावर बसला तर उजेड अडायचा. तो उठून दाराची बिजागरी दुरुस्त करायचा, पन्हळ ठोकायचा. विहिरीचा रहाट बोलायचा थांबला. खाटेचा पाय डुगडुगायचा थांबला. चौथ्या दिवशी तो हातात हातोडी घेऊन घरभर फिरला आणि त्याला ठोकायला काही सापडेना.

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जावईबुवा, आता एक मीच राहिले. गुडघ्याला एखादा खिळा मारून बघा."

ठकीनं ओठ आत घेतले. बायकोनं मशीन जोरात चालवलं.

तो परसात जायचा, तेव्हा आतल्या गप्पा पुन्हा सुरू व्हायच्या. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपण परसात जातो ते ऐकायलाच. बादली हातात घेऊन तो भिंतीपाशी उभा राहायचा. या बायका दिवसभर नुसत्या शिवत नव्हत्या. कुणाच्या कोटाच्या खिशात काय सापडलं, कोण माप देताना श्वास रोखतं, कुणाचा एक खांदा वर आहे, सगळा गाव त्यांच्या टेपखालून गेलेला. सासूबाई सांगायच्या आणि नकला ठकी करायची. आपली लेक नकला करते हे त्याला माहीतच नव्हतं.

त्या दिवशी गिरणीवालीची गोष्ट चालली होती. ती दहा वर्षांपूर्वीचं माप घेऊन यायची आणि म्हणायची, यावरच शिवा, मी काही वाढले नाही.

"मी म्हटलं, बाई, तुम्ही नाही वाढलात, पण टेप आटली," सासूबाई म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात भिजली होती ना."

"मग?" ठकी.

"मग काय! म्हणाली, मग दुसरी टेप घ्या हो, लोकांची मापं चुकतील."

दाभण्या हसला. आधी नाकातून, मग बादलीसकट. बादलीतलं पाणी पायावर सांडलं. आत मशीन थांबलं.

मग सासूबाईंचा आवाज आला. "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. मिशा पण असतात?"

आणि ठकी हसली. तोंडावर हात न ठेवता, खो खो हसली. बायकोही हसायला लागली, मशीनवर डोकं टेकून. ओल्या पायांनी दाभण्या दारात येऊन उभा राहिला. या वेळी कुणाचं हसणं थांबलं नाही.

"मला पण द्या काहीतरी काम," तो म्हणाला.

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"उसवता येईल?" बायकोनं विचारलं.

"त्यात काय यायचंय!"

त्यात बरंच काही यायचं होतं. अस्तर बदलायला आलेला एक जुना कोट त्याच्या मांडीवर आला. पोतं उसवायचं तर एक टोक कापून सुतळी ओढायची, सर्रकन सगळी शिवण मोकळी. त्यानं तसंच ओढलं. फर्रकन आवाज झाला आणि अस्तराबरोबर खिसाही हातात आला.

"सुंदर," सासूबाई म्हणाल्या. "आता बाह्या काढा, म्हणजे मफलर होईल."

तो खिसा बायकोनं अर्ध्या तासात परत बसवला. ती रागावली नाही. फक्त उसवायची छोटी कात्री त्याच्या बोटांत ठेवून तिनं त्याचा हात आपल्या हातात धरला. "असं. एकेक टाका. त्याला वाटलं पाहिजे की आपण त्याला काही करत नाही." लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण ती त्याला काही शिकवते आहे असं पहिल्यांदाच होत होतं. तिच्या तर्जनीवर सुईनं झालेले बारीक ठिपके होते. तो बघत राहिला.

"कोटाकडं बघा," ती म्हणाली.

उसवणं जमलं, मग बटणं. ते खातं सासूबाईंचं. त्यांनी त्याला चिंध्यांचं गाठोडं आणि जुन्या बटणांचा डबा दिला. "पन्नास लावा. चिंधीवर. माणसांच्या कपड्यांना तोवर हात नाही."

सुई त्याच्या बोटांत दिसायचीच नाही. तीन सुया मोडल्या. दोरा ओवायला दहा मिनिटं लागायची आणि ओवला की गाठ मारताना निघून यायचा. "या सुईचं नाकच बारीक आहे," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई चिंधीकडं हात करत म्हणाल्या. "आणा बघू." त्यांनी बटण ओढून पाहिलं, दातांनी ओढलं, पुन्हा पाहिलं. "हे माणूस मेला तरी निघायचं नाही. पण लागायचं पण नाही. काजात जायला बटणाखाली जागा नको? तुम्ही तर त्याला फाशी दिलीय."

मग त्यांनी शिकवलं. बटणाखाली काडेपेटीतली काडी धरायची, तिच्यावरून टाके घ्यायचे, काडी काढून घ्यायची, राहिलेल्या सैल दोऱ्यांना खालून तीन वेढे द्यायचे. बटणाला पाय फुटतो. दाभण्यानं तो बारका पाय बोटानं हलवून पाहिला. दोन वेढे देऊन आवळायचं. हे त्याला येत होतं. हे तर कानासारखंच होतं, फक्त मुंगीच्या कानासारखं.

आठवड्याच्या शेवटी तो उशांच्या अभ्र्यांना बटणं लावत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात चिंधीवर काजं करायला लागला. काज म्हणजे अवघड मामला. कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडेनं टाक्याला टाका लावून भिंत बांधायची. ठकी त्याच्या शेजारी बसून दाखवायची. दाखवता दाखवता बोलायची. तिला शहरात शिलाईचा वर्ग लावायचा नव्हता, तिला इथंच कोट शिवायचे होते. तिची एक मैत्रीण रुसली होती. दूधवाल्याची म्हैस तिला घाबरते. दाभण्या मान हलवायचा, हूं म्हणायचा आणि टाका चुकायचा.

"बाबा, तुम्ही ऐकताय का शिवताय?"

"दोन्ही कसं करता तुम्ही लोक?"

"तोंड आणि हात वेगळे ठेवायचे," ठकी म्हणाली.

एका दुपारी तो खिडकीत उजेडाला बसला होता. मांडीवर एका लहान मुलीचा फुलाफुलांचा फ्रॉक, दातांत दोरा. रस्त्यानं बाजारातला काटेवाला चालला होता. धान्य तोलायच्या काट्यावर तो आणि दाभण्या दहा वर्षं शेजारी शेजारी उभे राहिले होते. काटेवाला थबकला. खिडकीपाशी आला.

"अरे, दाभण्या!" तो म्हणाला. "छान दिसतोय फ्रॉक. घालून कधी दाखवतोस?"

मागून येणारे दोन हमाल हसले.

दाभण्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं फ्रॉक घडी करून खाली ठेवला, सुई चिंधीला टोचली, उठला आणि परसात गेला. विहिरीच्या कठड्यावर हात टेकून उभा राहिला. हात मोठे, काळे, सुतळीनं घासून बोटांना घट्टे पडलेले. या हातांत फ्रॉक म्हणजे खरंच हसण्यासारखं दिसत असणार.

तेवढ्यात घरातून ठकीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"काटेवाले काका, जाऊ नका! पाठ करा बघू इकडं. हो, तेच म्हणतेय. काखेत केवढं भोक आहे हे! किती दिवस फिरताय असे?"

"कुठंय? अरे..."

"काढून द्या. बाबा शिवतील. त्यांचा टाका सुटत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

हमाल पुन्हा हसले, पण आता कुणाला हसत होते ते सगळ्यांना कळत होतं. काटेवाला काख दाबून चालता झाला.

दाभण्यानं रहाटानं एक बादली पाणी काढलं, तोंडावर मारलं, मिशा पुसल्या आणि आत येऊन फ्रॉक उचलला. सासूबाईंनी फक्त दोरा ओवलेली सुई पुढं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेवाला शर्ट घेऊन आला. कागदात गुंडाळून, चोरासारखा. दाभण्यानं भोक तर शिवलंच, पण दुसऱ्या काखेलाही आतून ठिगळ दिलं. तीही जायला आली होती.

हंगाम भरात आला. बाजाराकडं गाड्यांची रांग लागायची. दाभण्याला खिडकीतून धुरळा दिसायचा आणि तो मान खाली घालायचा. घरातही घाई होती. शाळेतल्या बाईंचा नवा कोट शिवायला आला होता, गडद निळा, जड कापडाचा. बाईंना मोठ्या शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी बोलावलं होतं. त्यांच्याकडं होता तो कोट कोपरांवर विरला होता. "मुलाखत मला द्यायचीय," बाई म्हणाल्या होत्या, "पण आधी ते कोटाकडंच बघणार." ठकीनं पहिल्यांदाच सगळा कोट स्वतः बेतला होता. रोज ती तो खुंटीवर टांगून लांबून बघायची. अखेर एका दिवशी अंगाचं काम झालं, बटणंही लागली, काजं तेवढी राहिली.

त्याच दिवशी दुपारी आभाळ आलं. अवेळी. पश्चिमेकडून पाटीच्या रंगाचे ढग चढत आले, वारा पडला, कोंबड्या परसातून घरात शिरल्या. आणि काटेवाला धावत आला. त्याला धाप लागली होती.

"दाभण्या, मशीन बसलं."

"एक बसलं असेल."

"दोन्ही. एकाची सुई आतच मोडली, दुसरं धूर सोडतंय. शहरातून माणूस उद्या येणार. मैदानात साडेतीनशे पोती उघडी पडलीत. गोदामात न्यायची तर तोंडं शिवायला नकोत?"

"कानामागून आली आणि तिखट झाली," सासूबाई पुटपुटल्या.

दाभण्यानं सुई खाली ठेवली नाही. "मुकादमानं झाडू मारायला बोलावलंय का?"

"मुकादम म्हणाला, हात जोडून सांग." काटेवाल्यानं खरंच हात जोडले. "लोकांचा गहू आहे रे. शेजारच्या म्हातारीच्या दोन गाड्या आहेत त्यात. वर्षाचं खाणं आहे तिचं."

दाभण्या उठून दारात गेला. आभाळाकडं पाहिलं. बोटांवर हिशेब केला. "दोन तास आहेत. एकट्यानं नाही व्हायचं ते."

मागं पायमशीन थांबलं. "एकट्यानं जा असं कोण म्हणतंय?" बायको म्हणाली.

ठकीनं कात्री खुंटीला लावली. सासूबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या. "माझ्या चपला कुणी घातल्या?"

"आई, तू कुठं येतेस?"

"मी काय आभाळ बघत बसू?"

दाभण्यानं फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत सात दाभणं होती.

बाजाराच्या मैदानात बाई कधी कामाला उभी राहिली नव्हती. शेतकरी ताडपत्र्या ओढत होते, त्या पुरत नव्हत्या. हमाल हात चोळत होते. मुकादम पुढं आला, दाभण्याला बघून त्याच्या जिवात जीव आला. मागच्या तिघी बघून आलेला जीव परत गेला.

"बायका कशाला?"

"बायका नाहीत, शिंपी आहोत," सासूबाई म्हणाल्या. "सरका."

दाभण्यानं पहिलं पोतं धरलं. त्याचा आवाज बदलला होता. घरात इतके दिवस तो हूं, बरं, असं का, एवढंच बोलत होता. "इकडं बघा. तोंड आवळायचं, दोन बोटं दुमडायचं. कोपरा पिळायचा. दोन वेढे. हा कान. भिंतीला असतात तसे पोत्यालाही कान असतात. हे नसतील तर हमाल धरणार काय? मग आठ टाके. आठच. दुसरा कान. तोडा."

ठकीला तिसऱ्या पोत्याला जमलं. बायकोचं मात्र पुढं सरकेना. तिचे टाके बघून दाभण्या धावला.

"अगं, वीस टाके? पोतं आहे हे, बाईंचा कोट नाही!"

"सवय आहे हो हाताला."

"मोड सवय! त्याला वाटलं पाहिजे की आपण त्याला काहीतरी केलं!"

बायको हसली आणि दाभण असं खुपसलं की पोतं हललं.

सासूबाईंनी एक पोतं शिवलं आणि त्यांना कळलं की ओढायला जोर नाही. मग त्या एका भरल्या पोत्यावर चढून बसल्या, सुतळीचा बिंडा मांडीवर घेतला. हाताच्या मापानं तुकडे तोडायचे, दाभणात ओवायचे, बोटांमध्ये पंख्यासारखी धरून ठेवायची. कुणीही मागं हात केला की हातात ओवलेलं दाभण. दोन शेतकऱ्यांनी ते बघून दाभणं मागून घेतली. शेजारची म्हातारी तोंडं आवळून धरायला लागली. हमाल पळायला लागले.

"हे पोतं गिरणीवालीसारखं आहे," ठकी ओरडली. "पोट आतच घेत नाही!"

"त्याला म्हणावं, टेप आटलीय!" सासूबाई.

हमालांना गोष्ट कळेना. मग सासूबाईंनी ती पोत्यावर बसून सगळ्या मैदानाला सांगितली, ओवता ओवता, आणि गिरणीवालीचा नवरा गव्हाची गाडी घेऊन तिथंच उभा होता. तो सगळ्यांत जास्त हसला. वीज चमकली. ढग इतके खाली आले की गोदामातले दिवे लावावे लागले. दाभण्याचा हात चालत होता, आठ टाके आणि कान, आठ टाके आणि कान. मान वर न करता त्याला दोन्ही बाजूंनी दोघींचे हात ऐकू येत होते. डावीकडं बायको, उजवीकडं लेक. तागातून सुतळी जाताना होणारा तो खरखरीत आवाज इतकी वर्षं त्याच्या एकट्याचा होता.

शेवटची वीस पोती राहिली तेव्हा थेंब पडायला लागले. रुपयाएवढे, धुळीत खड्डे पाडणारे. शेवटचं पोतं ठकीनं शिवलं, काटेवाल्यानं स्वतः पाठीवर घेतलं आणि गोदामाचं दार लागलं. मग आभाळ फुटलं.

सगळे पत्र्याखाली दाटीवाटीनं उभे होते. मुकादम दाभण्यापाशी आला. "उद्या मैदान ओलं असेल. परवापासून ये."

"झाडायला?"

"शिवायला रे. मशीनचा काही भरवसा नाही."

मागून तो पाय वर घेणारा हमाल म्हणाला, "भरवसा असला तरी नको. कान नाहीत त्या पोत्यांना. माझ्या हातून दोन निसटली, एक पायावर पडलं." बाकीच्यांनीही माना हलवल्या.

दाभण्यानं मिशीवरून पाणी निपटलं. "सकाळी येत जाईन," तो म्हणाला. "दुपारी नाही जमणार. घरी काम असतं."

"घरी कसलं काम तुला?"

"काजं."

मुकादमानं काटेवाल्याकडं पाहिलं. काटेवाल्यानं काख खाजवली आणि पावसाकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात वेगळाच गोंधळ झाला. बायकोनं मशीनपाशी बसून दोरा ओवायला हात उचलला आणि "आई गं" म्हणून खाली ठेवला. तिची बोटं गाजरासारखी सुजली होती. ठकीच्या तळव्यांना फोड आले होते, त्यातला एक फुटला होता. सासूबाईंची मूठ मिटत नव्हती.

आणि निळा कोट खुंटीला होता. सात काजं शिल्लक. बाई दहा वाजता येणार, साडेदहाची गाडी पकडणार.

तिघींनी एकाच वेळी दाभण्याकडं पाहिलं. त्याचे हात नेहमीसारखेच होते. दाभणाचं त्यांना काय!

"छे," तो म्हणाला. "मी चिंधीवरच केलीत. हा बाईंचा कोट आहे."

"बसा," बायको म्हणाली.

"ठकीनं बेतलेला आहे. मी बिघडवला तर?"

"बसा ना बाबा!" ठकी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

तो खिडकीत बसला. हात दोनदा धुतले, पँटला पुसले, पुन्हा धुतले. पहिली चीर देताना त्यानं श्वास रोखला. मग तिघी सुरू झाल्या. दोरा लांब घेतलात. लांब नाही, बरोबर आहे. कोपऱ्यावर सांभाळा. आजी, त्यांना करू दे. ओढू नका, ओढू नका...

"गप्प बसा तिघी!"

या घरात असं तो कधी ओरडला नव्हता. सुई कापडातून जातानाचा बारीक टचटच आवाज तेवढा राहिला. दोन काजं झाली. तीन. चौथ्याला त्याच्या कपाळावरचा घाम कोटावर पडायला आला, तर बायकोनं सुजल्या हातानं तो पुसला. पाचव्याला बाहेर फाटक वाजलं आणि त्याचा एक टाका जास्त आवळला गेला. सहावं, सातवं करेपर्यंत बाई ओट्यावर छत्री झटकत उभ्या होत्या.

बाईंनी कोट घातला. आरशासमोर उभ्या राहिल्या. खांदे बघितले, बाह्या बघितल्या. ठकी भिंतीला चिकटून उभी होती. बाई एकेक बटण लावत खाली आल्या. पाचव्यापाशी अडकल्या, बोटानं ढकललं, लागलं. त्यांनी काजावरून अंगठा फिरवला.

"कोट फार छान बसलाय गं," त्या ठकीला म्हणाल्या. "आणि आजी, काजं तुमचीच ना? या वयात काय हात आहे हो."

सासूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"माझी नाहीत," त्या म्हणाल्या. "जावयांची आहेत. पाचवं जरा घट्ट आहे, पण वापरात सैल होईल. जावईबुवा पण झालेच की."

बाईंना काही कळलं नाही. त्या हसल्या, छत्री उघडली आणि गाडी पकडायला चिखलातून भराभरा निघाल्या. चौघं दारात उभी राहून तो निळा कोट वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

मग बायकोनं कोमट पाण्यात हात बुडवले. सासूबाईंनी हमालांच्या नकला सुरू केल्या. दाभण्या ऐकत ऐकत जमिनीवर आडवा झाला, चिंध्यांचं गाठोडं डोक्याखाली घेतलं आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. भर सकाळी, खोलीच्या बरोबर मध्यावर.

ठकीनं फडक्यानं तळवे बांधले. नवं कापड आलं होतं, बेतायला तरी सुरुवात करायची होती. तिनं एक टोक भिंतीशी धरलं, दुसरं अंथरत आली आणि वाटेत तो आडवा. तिनं पायानं हळूच ढोसलं.

"बाबा, सरक ना जरा."

तो झोपेतच हूं म्हणाला आणि हातभर सरकला. कापड पुढं गेलं.